सात घड्याळं आणि दोन सत्रांचं मशीन

माझ्या मामांना वेळ कळत नाही. हे मी त्यांच्या शाळेत जाऊन म्हटलं असतं, तर शिपायाने मला हाताला धरून फाटकाबाहेर काढलं असतं. त्या शाळेत मामांची ओळखच ‘वेळापत्रकवाले सर’ अशी. एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि एकतीस वर्षं अख्ख्या शाळेचं वेळापत्रक केलं. चौदा वर्ग, सव्वीस शिक्षक, एक प्रयोगशाळा आणि आठवड्यातून तीनच दिवस उगवणाऱ्या चित्रकलेच्या बाई. एवढ्या पसाऱ्यात एकाच तासाला दोन शिक्षक एका वर्गाच्या दारात येऊन ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करताहेत, असं एकदाही झालं नाही.

तरी सांगते, त्यांना वेळ कळत नाही. म्हणजे आतून कळत नाही. आपल्याला पोट सांगतं, ऊन सांगतं, कंटाळा सांगतो. मामांना यातलं कोणीच काही सांगत नाही. दहा मिनिटं गेली काय आणि तीन तास गेले काय, त्यांना सगळं सारखंच. लग्नाआधी ते एकदा मामीला भेटायला तीन तास उशिरा पोचले आणि वर म्हणाले, फार वेळ थांबावं नाही ना लागलं? मामी तोवर तिथेच बसून होती, यावरून तिचाही स्वभाव कळावा.

त्या दिवसानंतर मामांनी घड्याळाचा जो हात धरला तो सोडलाच नाही. त्यांच्या घरात भिंतीवर सात घड्याळं आहेत. एक न्हाणीघरात आहे, त्याला प्लास्टिकची पिशवी घातलेली असते. मनगटावर मात्र ते घड्याळ बांधत नाहीत, कारण हात हलला की काटा हलतो असं त्यांचं शास्त्र आहे. मोबाइलवर तर अजिबात विश्वास नाही. तो वेळ हवेतून घेतो म्हणतात. त्यांचा विश्वास एकाच घड्याळावर होता, ते म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात दिसणारं. कैक वर्षं शाळेची घंटा त्याच्याकडे बघून वाजली होती. रोज दुपारी जेवण झालं की मामा स्टूल घेऊन घरभर फिरायचे आणि सातही घड्याळं त्या कोपऱ्यातल्या वेळेशी मिळवायचे.

हा कॉम्प्युटर म्हणजे शाळेचंच जुनं धूड. मामा निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी भाषणं केली, पुष्पगुच्छ दिला आणि मशीनही देऊन टाकलं. त्यात मामांचा वेळापत्रकाचा प्रोग्राम होता. एका माजी विद्यार्थ्याने तो खास त्यांच्यासाठी लिहिला होता आणि तो मुलगा पुढे कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रोग्राम फक्त त्या जुन्या सिस्टीमवरच चालायचा आणि फक्त मामांनाच चालवता यायचा. म्हणून निवृत्तीनंतरही दर वर्षी सुट्टी संपत आली, की शाळेतून फोन यायचा, सर, एवढं करून द्या. मामा आधी आढेवेढे घ्यायचे, आणि फोन ठेवला की शीळ वाजवायचे. वर्षभर त्या एका फोनची वाट बघत ते जगायचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

या वर्षी फोन आला, पण त्याला शेपूट होतं. शाळेच्या कार्यवाहांनी कुठून तरी नवा प्रोग्राम आणला होता. मुख्याध्यापिका बाई मामांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी स्पष्टच सांगितलं की, सर, सोमवारी दुपारी तीनला शिक्षकांची सभा आहे. तेव्हा तुमचं वेळापत्रक टेबलावर असलं तर मी तेच पुढे करीन. नसलं, तर मला त्यांचं घ्यावं लागेल, आणि एकदा ते घेतलं की दर वर्षी तेच. मामांनी या वेळी शीळ वाजवली नाही.

नेमकी त्याच सुमारास मामीने मागणी पुढे केली. मामीला तीन बहिणी. चौघी चार गावांना. आठवड्यातून दोनदा त्यांची फोनवर चेहरे बघत सभा भरायची, पण मामीच्या मोबाइलचा पडदा एवढासा. त्यात एका बहिणीचं नुसतं कपाळ दिसायचं, दुसरीचा पंखा आणि तिसरी कुठे आहे हेच कळायचं नाही. घरात एवढा मोठा पडदा असताना मी कपाळाशी का बोलू, असा मामीचा सवाल होता. मुद्दा बिनतोड होता. पण जुनी सिस्टीम इतकी जुनी, की तिला इंटरनेट दाखवणंसुद्धा धोक्याचं. नवी सिस्टीम टाकावी तर मामांचा प्रोग्राम जाणार. मामीने निर्वाणीचा इशारा दिला की, एक तर मशीनमध्ये माझी सोय करा, नाही तर ते माळ्यावर टाका. मग दोघांनी मिळून मला बोलावलं.

मी कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात काम करते. दिवसभर लोक येऊन सांगतात, मी काहीच केलं नाही, ते आपोआप बिघडलं. त्यामुळे माझं डोकं जरा तापलेलंच असतं. मी म्हटलं, भांडू नका, एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम टाकते. चालू करताना विचारील, कोण हवं, जुनी की नवी. एका वेळी एकच चालेल. मामांना हे समजावून सांगायला अर्धा दिवस जाईल अशी माझी तयारी होती. पण ते लगेच म्हणाले, म्हणजे दोन सत्रांची शाळा. इमारत एक, सकाळचं सत्र सुटलं की दुपारचं भरणार, एकाची मुलं दुसऱ्याला दिसणार नाहीत. मी चाटच पडले. एवढं नेमकं मला दुकानात गिऱ्हाईकाला कधी सांगता आलं नव्हतं.

पण पुढे त्यांनी माझा जीव खाल्ला. रविवारी सकाळी मी पोचते तर दारावर कागद चिकटवलेला: साडेनऊ ते दहा, प्रोग्रामची नक्कल काढणे; दहा ते साडेदहा, डिस्कची वाटणी; साडेदहा ते पावणेअकरा, मधली सुट्टी. नक्कल काढून झाली तर म्हणाले, अजून एक काढ. ती काढली तर म्हणाले, या दोन्ही एकाच घरात नको, एक तू घेऊन जा, घराला आग लागली तर? मामीने विचारलं, आग लागली तर मला कोण घेऊन जाणार? मामा म्हणाले, तू तुझी चालू शकतेस, प्रोग्रामला पाय नाहीत.

डिस्कच्या वाटणीच्या वेळी तर दोघं हट्टालाच पेटले. मामी म्हणाली, निम्मी माझी. मामा म्हणाले, बहिणींना कशाला एवढी जागा, त्या बोलून निघून जाणार. मामी म्हणाली, तुमचा प्रोग्राम तरी तिथे पाय पसरून झोपणार आहे का? शेवटी मी माझ्या मनाने रेघ मारली आणि दोघांनाही तुम्हाला जास्त दिलं असं हळूच सांगितलं. त्यानंतर हिरवी पट्टी सरकायला लागली आणि तेहतीस टक्क्यांवर जाऊन बसली ती हलेचना. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पंखा बंद केला, वाऱ्याने काही हलायला नको म्हणून. मामीला शिंक आली तर ती पदर तोंडावर दाबून अंगणात पळाली. मला घामाच्या धारा, वर मामा खनपटीला बसलेले, की हे तुझ्या वेळापत्रकात होतं का? मी म्हटलं, मामा, वेळापत्रक तुमचं आहे.

दुपारपर्यंत सगळं जमलं. चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, पहिली जुनी, दुसरी नवी, आणि दहा सेकंद थांबायचं. आता इथे मी जे केलं ते नीट ऐका, कारण पुढची सगळी शोभा त्यातून झाली. शेवटी जुनी सिस्टीम उघडून बघितली, तर कोपऱ्यातलं घड्याळ साडेपाच तास मागे होतं. मला वाटलं, मशीन म्हातारं, आतला सेल थकला असेल. मी हाताने घड्याळ पुढे केलं, चहा प्यायले आणि विसरून गेले. एखाद्या गिऱ्हाईकाने असं केलं असतं, तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

तीन-चार दिवस सुखात गेले. गुरुवारी मामीचा कॅमेरा आला आणि जेवणाआधी चौघी बहिणींची पहिली मोठ्या पडद्यावरची सभा झाली. मामी भारावून गेली होती, एकीच्या मागच्या कपाटावरची धूळसुद्धा दिसली म्हणे. संध्याकाळी मला मामीचा फोन आला, आवाज एकदम खाली. म्हणाली, तुझ्या मामांना काहीतरी झालंय गं. आज अडीच वाजता स्वतःच्या हाताने सगळी घड्याळं नऊला लावली. मग तीन तासांनी ताट घेऊन येऊन बसले, जेवायला वाढ म्हणून. मी म्हटलं, अहो, तुम्ही जेवलात. तर माझ्याकडे असे बघायला लागले, की मीच वेडी.

फोन ठेवते न ठेवते तोच शेजारच्या घरच्या फोनवरून मामांचा फोन. म्हणाले, भाचेबाई, कुणाला सांगू नकोस. तुझ्या मामीला दिवस कळेनासे झालेत. भर दुपारी म्हणते संध्याकाळ झाली. आज सकाळी सातला जेवायला वाढलं मला. मी मुकाट्याने जेवलो, तिला वाईट वाटेल म्हणून.

तो प्रकार रोज चालू राहिला. दुपारी मामा घड्याळं मागे लावायचे आणि रात्री ते झोपले की मामी मोबाइलमध्ये बघून सातही घड्याळं पुढे करायची, तेही स्टुलावर चढून, गुडघे दुखत असताना. सकाळी सगळं जागेवर असायचं, म्हणून मामांनाही संशय आला नाही. दोघंही दुसऱ्याला सांभाळून घेत होते आणि दोघंही आतून हादरले होते. मामी मला म्हणाली की ते मला विसरले तर मी काय करू? मलाही रडू आलं. मी ओळखीच्या डॉक्टरांकडे सोमवारी चारची वेळ घेतली. मामीला सांगितलं, मामांना न्यायचंय, तू सोबत चल. मामांना सांगितलं, मामीला न्यायचंय, तुम्ही सोबत चला. सभा आटोपून ते चारपर्यंत मोकळे होणार होतेच. दोघंही लगेच तयार झाले. मला माझ्या चतुराईचं फार कौतुक वाटलं.

सोमवारी सव्वातीनला मी त्यांच्या घरी पोचले, तर मामी दारातच उभी, कानाला मोबाइल, चेहरा पांढराफटक. पलीकडे मुख्याध्यापिका बाई होत्या. सभा सुरू झाली होती, सगळे शिक्षक बसले होते, कार्यवाह नवा प्रोग्राम घेऊन बसले होते आणि वेळापत्रकवाल्या सरांचा पत्ता नव्हता.

मामा आतल्या खोलीत होते. त्या खोलीला खिडकी नाही, पडद्यावर उजेड पडतो म्हणून ती मामांनीच बुजवून घेतली होती. निवांत बसून ते चित्रकलेच्या बाईंचा बुधवारचा तास सहावीतून आठवीत हलवत होते. मला बघून म्हणाले, लवकर आलीस. आमची वेळ चारची ना? अजून माझी सभासुद्धा व्हायची आहे. मामी म्हणाली, अहो, सभा सुरू झाली, बाईंचा फोन आहे. मामांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या दुःखाने हळूच म्हणाले, बाईसुद्धा का? साथ दिसतेय कसली तरी.

मी मशीनच्या कोपऱ्यात बघितलं. पावणेदहा. माझ्या मोबाइलमध्ये सव्वातीन. बरोब्बर साडेपाच तास. रविवारीही बरोब्बर साडेपाचच तास होते. सेल थकतो तेव्हा घड्याळ वाटेल तसं भरकटतं, असं मोजून साडेपाच तास मागे जात नाही. मी कपाळावर हात मारून घेतला, आणि तो चांगला जोरात लागला.

उभ्या उभ्याच मी त्यांना सांगितलं. मशीनच्या पोटात एक छोटं घड्याळ असतं, ते दोन्ही सिस्टीमचं मिळून एकच. नवी सिस्टीम त्यात जगाची मूळ वेळ लिहून ठेवते आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवून दाखवते. जुनीला ही पद्धतच ठाऊक नाही. ती पोटातली वेळ जशीच्या तशी वाचते. मामीची सभा झाली, की मशीन साडेपाच तास मागे. एक बटण फिरवायचं होतं, ते मी फिरवलं नाही. चूक माझी आहे, मामा. तुमची नाही आणि मामीची तर मुळीच नाही.

मामांनी खुर्ची वळवली. मग त्यांनी मामीकडे बघितलं.

“म्हणजे गुरुवारी खरंच संध्याकाळ होत आली होती?”

“होत आली होती,” मामी म्हणाली. “आणि तुम्ही खरंच जेवला होतात.”

त्या वेळी आमची जी धांदल उडाली ती सांगायची सोय नाही. वेळापत्रक चार कागदांवर छापून जोडायचं असतं. प्रिंटर शाळेच्याच वयाचा, तो एकेक ओळ कण्हत कण्हत काढत होता. तीन कागद आले आणि चौथ्याला त्याने जीभ बाहेर काढल्यासारखा अर्धाच सोडला. मामीने तो ओढून काढला. शाळा दहा मिनिटांवर. पुढे मामी, गुडघे विसरून, मधे मामा तीन कागद छातीशी धरून आणि मागे मी, हातात चौथा कागद आणि डिंकाची बाटली. वाटेत डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला, की पेशंट येताहेत ना? मी म्हटलं, पेशंट पळताहेत. पलीकडच्या बाईंनी विचारलं, दोघांपैकी कोणते? मी फोन ठेवून दिला.

शिक्षकांच्या खोलीचं दार उघडं होतं. आतले सगळे वळून बघायला लागले. मामी आत गेली, मी आत गेले आणि बघते तर मामा उंबऱ्याबाहेर थांबलेले. मी खुणावलं, या ना. ते हलेनात.

त्या शाळेत एक नियम आहे. उशिरा आलेल्याने दारात उभं राहायचं आणि कारणाची चिठ्ठी मिळाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. नियम मामांनीच केलेला. एकतीस वर्षांत त्यांनी त्या उंबऱ्यावर शेकडो पोरं उभी केली होती, आणि त्यातली एक आता टेबलाच्या पलीकडे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसली होती. बाई उठल्या. मला वाटलं, हसून म्हणतील, सर, राहू द्या. पण त्या मामांना चांगल्या ओळखत होत्या. त्यांनी खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, पेन उघडलं आणि दारापाशी आल्या.

“किती उशीर?”

“पन्नास मिनिटं,” मामा म्हणाले. त्यांनी घड्याळाकडे न बघता मामीकडे बघितलं होतं. मामीने बोटांनी खूण केली होती.

“कारण?”

आता मामा माझं नाव सांगणार, सिस्टीमचं सांगणार, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मामांनी घसा खाकरला.

“बायको रोज खरी वेळ सांगत होती,” ते म्हणाले. “मी तिचं ऐकलं नाही.”

बाईंनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं, सही केली आणि चिठ्ठी मामांच्या हातात दिली. मग मामा आत आले. मामी खिडकीतून बाहेर मैदानाकडे बघत होती, मैदानात काहीच नव्हतं.

वेळापत्रकाचं म्हणाल, तर कार्यवाहांच्या नव्या प्रोग्रामने व्यायामाच्या सरांना मुलांसकट प्रयोगशाळेत घातलं होतं आणि चित्रकलेच्या बाईंना त्या येतच नाहीत त्या दिवशी सलग सहा तास दिले होते. त्या स्वतः तिथे बसून लाल होत चालल्या होत्या. मामांचे चार कागद टेबलावर पसरले, चौथा जरा तिरका चिकटला होता, आणि सभा पाच मिनिटांत संपली. कार्यवाह म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी सरांना मी आदल्या दिवशीच बोलावते.

मी त्याच संध्याकाळी ते बटण फिरवलं. आता दोन्ही सत्रांत एकच वेळ दिसते, मी दहादा तपासलंय. पण मामा पडद्याच्या कोपऱ्याकडे बघतच नाहीत. तिथे त्यांनी ती चिठ्ठी चिकटवून टाकली आहे. रोज दुपारी जेवण झालं की ते स्टूल घेतात आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारतात, अगं, किती वाजले? मामी सांगते आणि ते तशी सातही घड्याळं लावतात.

परवा मी तिथे होते. बहिणींची सभा रंगात आली होती, चहाची वेळ टळून गेली होती, तेवढ्यात मामांनी दारातून विचारलं. मामीने मान न वळवता सांगितलं, सव्वातीन. माझ्या मोबाइलमध्ये साडेचार झाले होते. मी तोंड उघडणार, तर मामांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं, स्टुलावर चढले आणि काटा सव्वातीनवर आणून ठेवला.